आफ्रिकेतल्या संगीतकारांचा पगार कुठे गेला? ट्रेनिंग प्रोग्रामांच्या आधीची गोष्ट

आफ्रिकेतल्या संगीताबद्दल आजकाल काहीही वाचायला घ्या, कुठला ना कुठला प्रोग्राम समोर येतोच. तरुण बँडसाठी ग्रँट, मुलींसाठी साउंड इंजिनियरिंगचं वर्कशॉप, मॅनेजरांसाठी ट्रेनिंग, आणि त्याच्या मागे युरोपियन युनियन नाहीतर जर्मनी नाहीतर नॉर्वेचे पैसे. त्यामुळे असं वाटायला लागतं की संगीतातून रोजगार आणि सगळ्यांना सामावून घेणं वगैरे हे गेल्या पंधरावीस वर्षांतलं प्रकरण आहे, अफ्रोबीट्स म्हणजे नायजेरिया-घानाकडचं नवं पॉप संगीत जगभर वाजायला लागलं आणि मग सगळे जागे झाले. तसं अजिबात नाहीये. संगीतकाराला महिन्याचा पगार द्यायचा, वाद्यं सरकारने घ्यायची, बायकांना गिटार आणि ड्रम शिकवून स्टेजवर उभं करायचं, हे आफ्रिकेतल्या काही देशांनी स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या स्वतःच्या तिजोरीतून केलं होतं. ते कसं उभं राहिलं आणि कसं मोडलं हे माहीत असल्याशिवाय आजचे प्रोग्राम नक्की कुठला खड्डा भरतायत ते कळत नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो कारण तिचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. झांझिबारची सिती बिंती साद, 1880 च्या सुमाराचा जन्म, गुलामगिरीतून आलेल्या गरीब घरातली, मातीची भांडी विकणारी बाई. तआरब हे तेव्हा सुलतानाच्या दरबारातलं, पुरुषांनी अरबीत गायचं संगीत होतं, ते हिने स्वाहिलीत म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत आणलं आणि 1928 साली आपल्या साथीदारांसोबत बोटीने मुंबईला येऊन एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केलं. पूर्व आफ्रिकेत तेव्हा रेकॉर्डिंगची सोय नव्हती म्हणून मुंबई. त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर प्रचंड खपल्या. म्हणजे स्वाहिली संगीतातली पहिली मोठी रेकॉर्डिंग स्टार ही एक बाई होती, तळातून आलेली, आणि तिच्यामागे कुठलीही योजना नव्हती. पण कंपनी बाहेरची, स्टुडिओ बाहेरचा आणि हिशोबही बाहेर, ही रचना तेव्हाच पक्की झाली आणि पुढे स्वातंत्र्य आलं तरी ती हलली नाही.

आता गिनी. 1958 च्या सप्टेंबरात फ्रान्सने सार्वमत घेतलं, गिनीने फ्रान्सला सरळ नाही म्हटलं आणि 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी 1959 मध्ये जे केलं ते आज वाचताना धक्काच बसतो, युरोपियन चालीची गाणी वाजवणारे खासगी डान्स बँड बंद, चांगले वादक निवडून नॅशनल ऑर्केस्ट्रा तयार, मग प्रत्येक प्रांताला आपापला बँड, वाद्यं सरकारची, त्यांच्यात स्पर्धा, आणि जे बँड राष्ट्रीय दर्जापर्यंत पोचले त्यांतले संगीतकार सरकारी पगारावर. बेयलासारख्या आडगावातून 1961 मध्ये निघालेला बेम्बेया जाझ 1966 मध्ये राष्ट्रीय बँड झाला तो याच वाटेने. रेकॉर्ड काढायला सिलीफोन हे सरकारी लेबल. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 1961 मधलीच दुसरी गोष्ट, लेझ अमेझोन द गिनी, पूर्ण बायकांचा बँड, आणि त्या सगळ्या जाँदार्मरी म्हणजे निमलष्करी पोलीस दलात नोकरीला. सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम सगळं बायकांच्या हातात, हुद्दा आणि पगारासकट. 1977 च्या लागोसमधल्या फेस्टॅकमध्ये, म्हणजे आफ्रिकन कलांच्या मोठ्या महोत्सवात, त्या वाजवून आल्या. आजचे किती प्रोग्राम बायकांना वाद्य शिकवतात, पण शिकून झाल्यावर कायमची नोकरी देतात असे किती, हा प्रश्न मला या बँडमुळेच पडला.

याची किंमत होती आणि ती भयंकर होती हेही सांगायलाच हवं. बँडने पक्षाची आणि अध्यक्षांची स्तुती गायची, सेन्सॉर सगळीकडे. फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये ले बॅले आफ्रिकेंची स्थापना करून आफ्रिकन नृत्यसंगीत जगभर नेलं, पुढे ते याच सरकारात मंत्री झाले, आणि 1969 मध्ये कॅम्प ब्वारोच्या तुरुंगात त्यांना मारण्यात आलं. तेव्हा जुन्या सरकारी पगाराच्या आठवणी काढताना मी तो सुवर्णकाळ वगैरे म्हणणार नाही. 1984 मध्ये तुरे गेले, लष्कराने सत्ता घेतली आणि संगीतासाठी असलेली ही व्यवस्था गळून पडली.

टांझानियाचा प्रकार थोडा वेगळा आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखा. स्वातंत्र्यानंतरचे तिथले पहिले नेते न्येरेरे यांनी 1962 मध्ये संस्कृतीसाठी वेगळं मंत्रालय काढलं, पण बँड चालवले ते मुख्यतः संस्थांनी. कामगार संघटनेचा नूटा जाझ 1964 मध्ये दार-एस-सलाममध्ये सुरू झाला, पोलिसांचा बँड, राष्ट्रीय सेवा दलाचा बँड, पक्षाच्या युवक शाखेचा विजाना जाझ. वाद्यं संस्थेची, संगीतकाराला पगार, आणि त्यामुळे एखादा चांगला गिटारवादक पगार जास्त मिळतोय म्हणून एका बँडातून दुसऱ्यात जायचा, अगदी नोकरी बदलतात तसं. रेकॉर्डिंग मात्र रेडिओ टांझानियाच्या स्टुडिओत आणि तिथे ती वर्षानुवर्षं वाजायची, गाणं वाजलं म्हणून रॉयल्टी येण्याची पद्धतच बसली नव्हती. पगार होता तोवर कुणाला ते फार टोचलं नाही. 1981 मध्ये बागामोयोला सरकारी कला महाविद्यालय निघालं, आजही तासुबा या नावाने चालू आहे.

मग 1980 चं दशक आलं, कर्जं, आयएमएफ, वर्ल्ड बँक, खर्चकपात. सरकारी संस्था विकायला निघाल्यावर त्यांच्या बँडला कोण विचारतो. नूटा जाझ संघटनेचं नाव बदलेल तसं जुवाटा झाला, मग ओट्टू झाला आणि शेवटी म्सोन्डो न्गोमा म्हणून स्वतःच्या जिवावर उभा राहिला. त्यात कॅसेट आल्या, एक कॅसेट विकत घ्यायची आणि शंभर कॉपी काढायच्या. ज्यांचा पगार गेला त्यांच्याकडे हक्क पण नव्हते, कारण ते कधी बांधलेच गेले नव्हते. टांझानियात आजच्या पद्धतीची कॉपीराइट सोसायटी, म्हणजे कलाकारांसाठी रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, 1999 च्या कायद्यानंतर आली.

घानात तर हे अजून झपाट्याने झालं. पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात वर्कर्स ब्रिगेड या सरकारी कामगार दलाचे बँड होते, हायलाइफ हे तिथलं नाचायचं बँडसंगीत जोरात होतं. 1981 च्या शेवटच्या दिवशी लष्करातले रॉलिंग्ज यांनी सत्ता घेतली आणि 1982 ते 1984 रात्रीचा कर्फ्यू लागला, आता रात्रीच वाजवून पोट भरणाऱ्या माणसाने काय करायचं? वाद्यांवर भरमसाठ आयातकर लागला, पुढे शाळांमधलं संगीत मागे पडलं, चांगले चांगले लोक जर्मनी, ब्रिटन, नायजेरियाला निघून गेले. पण त्या पोकळीत एक गोष्ट घडली जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. संगीत सरकलं चर्चमध्ये. चर्चवर करमणूक कर नाही, चर्चकडे वाद्यं आणि हॉल दोन्ही, आणि ज्या घरांत मुलीने हॉटेलात बँडबरोबर गाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता तिथे चर्चमध्ये गायला कुणाची ना नव्हती. घानाच्या संगीतात बायका मोठ्या संख्येने आल्या त्या याच दारातून. घरच्यांचा विरोध मावळेल अशी, जिथून सुरक्षित घरी परतता येईल अशी जागा मिळाली की बायका येतात, हे घानाने फंडिंगशिवाय दाखवून दिलंय.

परदेशी पैसा यायला लागला तो साधारण 1990 नंतर, कारण तोवर सरकारांनी हात वर केले होते. म्युझिक क्रॉसरोड्स हा त्यातला जुना आणि मला मनापासून आवडणारा प्रोग्राम, झाँनेस म्युझिकाल या आंतरराष्ट्रीय संस्थेने नव्वदीच्या मध्यात दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांत सुरू केलेला, पैसा मुख्यतः स्वीडन आणि नॉर्वेचा. गावोगावच्या तरुण बँडची स्पर्धा आणि तिच्या जोडीला शिकवणं. 2008 मध्ये झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सचा मोकूम्बा हा बँड ती जिंकला आणि पुढे युरोपभर फिरला. नंतर स्पर्धेचं रूपांतर मालावी, मोझांबिक आणि झिम्बाब्वेतल्या अकादमींमध्ये झालं, आणि ते बरोबरच झालं, कारण स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे घरी जातात.

झांझिबारमध्ये स्टोन टाऊनच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये ढाऊ कंट्रीज म्युझिक अकादमी 2002 मध्ये उघडली. तिथे ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं आणि तआरब शिकवतात, आणि मुली पण ती वाद्यं शिकतात जी आधी पुरुषांचीच मानली जायची, तिथून निघालेल्या मुलींनी स्वतःचे बँड काढलेत. सिती बिंती सादच्या गावात हे व्हायला सत्तरेक वर्षं लागली. पण 2019 मध्ये देणगीदारांचे पैसे आटले आणि शाळा बंद पडायची वेळ आली, कारण शिकणारी बरीच मुलं फी भरू शकत नाहीत आणि सरकारी पगाराची व्यवस्था तर कधीच संपलेली. देणगीवरचा प्रोग्राम तीन वर्षांचा असतो आणि वाद्य नीट वाजवायला शिकायला दहा लागतात, हा हिशोब कुणीतरी फंड देणाऱ्यांना समजावायला पाहिजे.

नैरोबीतलं घेटो क्लासिक्स 2008 मध्ये कोरोगोचो वस्तीत सुरू झालं, दांडोराच्या कचरा डेपोला लागून. तिथली मुलं व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवतात आणि मोठी झालेली मुलं धाकट्यांना शिकवतात. सफारीकॉम या फोन कंपनीने आपल्या जाझ फेस्टिवलचे पैसे तिकडे वळवले, म्हणजे पैसा देशातलाच. हे मला फार मोलाचं वाटतं. आणि अपंग संगीतकारांचं म्हणाल तर बामाकोच्या अंध मुलांच्या संस्थेने सत्तरच्या दशकातच दाखवून दिलं होतं, आमादू आणि मरियम तिथेच भेटले, तिथल्याच बँडमध्ये वाजवत मोठे झाले आणि जगभर पोचले. आमादू 2025 च्या एप्रिलमध्ये गेले. किन्शासाच्या स्टाफ बेन्डा बिलिलीला मात्र अशी काही संस्था मिळाली नाही, पोलिओ झालेले संगीतकार, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सराव करायचे, 2009 मध्ये अल्बम आला आणि जगाला कळलं.

खंडभराचं जाळं विणायचा प्रयत्न म्युझिक इन आफ्रिका फाउंडेशनने केला. सीमेन्स श्टिफ्टुंग आणि गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थांच्या पुढाकारातून निघालेली ही संस्था जोहान्सबर्गमध्ये आहे, आणि 2017 मध्ये डाकारला त्यांनी अॅक्सेस ही परिषद सुरू केली, पुढच्या वर्षी नैरोबी, मग अक्रा. त्यांनी वाद्यं बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठीही ट्रेनिंग काढलं. हे कामाचं आहे, कारण संगीतातला रोजगार म्हणजे फक्त गायक नाही, वाद्य दुरुस्त करणारा कारागीर हाताशी नसेल तर कानूनची तार तुटली की सहा महिने ते कोपऱ्यात पडून राहतं.

दक्षिण आफ्रिकेकडे सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जुनी जखम. 1939 मध्ये सोलोमन लिंडा यांनी गॅलो कंपनीच्या स्टुडिओत म्बुबे हे गाणं रेकॉर्ड केलं आणि हक्काच्या बदल्यात मिळाले 10 शिलिंग. त्यातून पुढे जगप्रसिद्ध झालेलं सिंहाचं गाणं, द लायन स्लीप्स टुनाइट, निघालं, लिंडा 1962 मध्ये गरिबीत गेले, घरच्यांशी तडजोड झाली 2006 मध्ये. वर्णभेद संपल्यावर नव्या सरकारने ट्रेनिंगसाठी चांगला कायदा केला, 1998 चा कौशल्य विकास कायदा, आणि त्या पाठोपाठ प्रत्येक मोठ्या मालकाकडून पगारबिलाच्या 1 टक्का लेव्ही म्हणजे सक्तीची वर्गणी घेऊन ती क्षेत्रनिहाय ट्रेनिंगवर खर्च करायची व्यवस्था. कारखान्यासाठी झकास. पण संगीतकाराला मालकच नाही, पगारबिल नाही, शनिवारी लग्नात वाजवतो आणि रविवारी चर्चमध्ये, त्यामुळे ज्या क्षेत्राला गरज सगळ्यात जास्त तिथून लेव्ही जमते सगळ्यात कमी. नोकरी म्हणजे काय याची कल्पनाच कारखान्यावरून घेतली की हे होणारच, आणि ही अडचण दुसऱ्या देशांतल्या रोजगार योजनांमध्येही दिसते.

आजचा आकडा सांगतो. आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशोबाने सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचं रेकॉर्डेड संगीताचं उत्पन्न 2024 मध्ये 22.6 टक्क्यांनी वाढून पहिल्यांदाच 10 कोटी डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातलं जवळपास पाऊण एकट्या दक्षिण आफ्रिकेचं. जगाचं त्याच वर्षीचं उत्पन्न 2,960 कोटी डॉलर. लागोस, अक्रा, दार-एस-सलाममध्ये बनलेलं संगीत सगळीकडे वाजतंय आणि तिथल्या बाजारात पोचणारा पैसा इतकासा आहे, तेव्हा हजार मुलांना मिक्सिंग शिकवलं तरी त्यांना पगार कोण देणार हा प्रश्न उरतोच. कौशल्याची टंचाई आफ्रिकेत कधी नव्हती हो. टंचाई आहे ती नियमित पैशाची आणि हक्कांची, गिनीने आणि टांझानियाने पगार दिला पण हक्क दिला नाही, आजचे प्रोग्राम कौशल्य देतात पण पगार देऊ शकत नाहीत.

हक्काच्या बाजूचं काम कायद्यातच होऊ शकतं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी निर्मात्याला परस्पर लिहून घेता येणार नाही असं ठरलं, त्यासाठी किती वर्षं भांडावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेचं कॉपीराइट दुरुस्ती विधेयक, ज्यात कलाकारांना रॉयल्टीचा वाटा मिळायची तरतूद आहे, 2019 मध्ये संसदेत मंजूर झालं, 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवलं, 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा मंजूर झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी सही न करता ते संविधान न्यायालयाकडे पाठवून दिलं.