कमिटर (ओपन सोर्स प्रकल्पातला दर्जा)

कमिटर म्हणजे ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पाच्या मुख्य रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, स्वतःच्या हातानं कोड टाकायचा हक्क असलेला माणूस. बाकीच्यांनी पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवायचा आणि कुणीतरी तपासून आत घेईल याची वाट बघायची. हा हक्क बहुतेक ठिकाणी मागून मिळत नाही, आधीचे लोक तुमचं काम बघत असतात आणि त्यांना पटलं की तेच बोलावतात. मराठीत वेगळा शब्द रुळलेला नाही, कमिटरच म्हणतात. इथं मुख्यतः अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेची पद्धत घेतलीय, कारण तिथले नियम नीट लिहून ठेवलेले आहेत.

पद्धत सुरू कुठं झाली यावर एकमत नाही. नेहमी अपाचीचं नाव पुढं येतं. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी वेब सर्व्हर (वेबसाइटची पानं पुरवणारा प्रोग्रॅम) लिहिला होता, १९९४ च्या मध्याला ते तिथून गेले आणि काम रखडलं, मग जगभरचे वेबमास्टर आपापले पॅच लावून तो चालवत राहिले, आणि फेब्रुवारी १९९५ च्या सुमारास त्यातले आठ जण ईमेलवर एकत्र आले, ब्रायन बेलेनडॉर्फ आणि रॉय फील्डिंग त्यातलेच. कुणीच कुणाचा साहेब नव्हता, त्यामुळे कुठला पॅच घ्यायचा ते मतानं ठरायला लागलं. त्यातूनच अपाची सर्व्हर झाला, एप्रिल १९९५ मध्ये त्याची ०.६.२ आवृत्ती आली, १ डिसेंबरला १.०. (नावाचा वाद वेगळाच: जुन्या एफएक्यूत ‘अ पॅची सर्व्हर’ म्हणजे ठिगळांचा सर्व्हर अशी फोड दिलेली, बेलेनडॉर्फ मात्र अपाची जमातीबद्दलच्या आदरातून नाव सुचलं असं सांगतात. नाव त्यांनीच सुचवलेलं, म्हणून त्यांचं म्हणणं जास्त धरावं.)

पण कमिटचा, म्हणजे कोड थेट आत टाकायचा हक्क हाच मुद्दा धरला तर बीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाले आधीचे. ३८६बीएसडी या त्यातल्याच एका सिस्टिमवर साचलेल्या पॅचमधून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी उभं राहिलं आणि तिथं या हक्काला ‘कमिट बिट’ हा शब्द आजही चालतो, नव्या माणसाला सुरुवातीला एक मेंटर देतात आणि त्याच्या होकाराशिवाय कमिट करता येत नाही. तेव्हा हक्क बीएसडीकडचा आणि मतदानाचा रिवाज अपाचीचा, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

अपाचीत प्रत्येक प्रकल्पाची एक व्यवस्थापन समिती असते, पीएमसी म्हणतात. समितीतलं कुणीतरी नाव सुचवतं, चर्चा आणि मतदान खाजगीत होतं म्हणजे नाकारलं गेलं तर त्या माणसाची चारचौघांत शोभा होत नाही, आणि मतदान साधारण ७२ तास तरी उघडं ठेवतात. +१ म्हणजे होकार, -१ म्हणजे विरोध. कोडच्या बदलावर -१ द्यायचा तर तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नाहीतर तो धरत नाहीत. निवडून आल्यावर योगदान करारावर सही करायची, मग अपाचीचा ईमेल पत्ता मिळतो. दर्जा माणसाला मिळतो, त्याच्या कंपनीला नाही, नोकरी बदलली तरी तो सोबत राहतो. आणि फक्त कोडच मोजतात असं नाही, डॉक्युमेंटेशन, चाचण्या, नवख्यांच्या प्रश्नांना धीरानं दिलेली उत्तरं हे सगळं धरतात. हे लोकांना नीट सांगितलं जात नाही याचं वाईट वाटतं, कारण कितीतरी जण कोड कमी म्हणून मागंच राहतात.

ऑड्रिस मॉकस, फील्डिंग आणि जेम्स हर्ब्सलेब यांच्या २००२ च्या अभ्यासात अपाची सर्व्हरला कोड देणारे जवळपास ४०० जण सापडले, पण नव्यानं घातलेल्या ओळींपैकी ८८ टक्के पहिल्या १५ जणांच्या होत्या. निमंत्रणाआधी सहसा सहा महिन्यांहून जास्त काम झालेलं असायचं असंही त्यात आहे.

या पद्धतीला मेरिटोक्रसी, म्हणजे गुणवत्तेवर चालणारा कारभार, म्हणायचे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये तो शब्द गाजवला तो टीका म्हणून, कौतुक म्हणून नाही. संधीच सारखी नसेल तर गुणवत्ता मोजायची कशी, हा आक्षेप खरा आहे, ज्याला नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभरच मिळतो त्याचं काम दिसायलाच वर्षं जातात. कोड ठेवायची साइट चालवणाऱ्या गिटहबनं २०१४ मध्ये ऑफिसातला हा शब्द लिहिलेला गालिचा काढला, फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०१८ मध्ये शब्द सोडला.

दिलेला हक्क काढलाही जातो. डिसेंबर १९९४ मध्ये नेटबीएसडी या दुसऱ्या बीएसडी प्रकल्पानं आपल्याच एका संस्थापकाचा, थिओ द राट यांचा, अॅक्सेस काढून घेतला आणि त्यातूनच पुढं ओपनबीएसडी निघालं. उलटी बाजू २०२४ मध्ये दिसली: ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करत एक्सझेड या फायली आकसवायच्या साधनाच्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ आवृत्तींत चोरदरवाजा घातला. एसएसएचनं (दूरच्या संगणकावर सुरक्षित जायची सोय) लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खोदून बघताना तो पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे कमिटर.

बाकी प्रकल्पांत रीत वेगळी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात कोअर टीमच्या मतदानात किमान दोन तृतीयांश मतं होकाराची लागतात. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) या अर्थानं कमिटर नाहीतच, मेंटेनर म्हणजे एकेक भाग सांभाळणारे लोक आपापल्या भागाचं काम गोळा करून वर पाठवतात आणि शेवटी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ते आपल्या शाखेत ओढून घेतात.