भटनागर ते विज्ञानरत्न

डॉ. जयंत नारळीकरांना 2025 चा 'विज्ञानरत्न', म्हणजे केंद्र सरकारचा विज्ञानातला सर्वोच्च पुरस्कार, मरणोत्तर जाहीर झाला, तेव्हा कोल्हापुरात 'आपल्या माणसाचा सन्मान' असंच म्हटलं गेलं. जन्म इथला, 19 जुलै 1938 चा. बालपण मात्र बनारसला गेलं, कारण वडील रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे.

हा पुरस्कार नवा असला तरी त्याची मुळं जुनी आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, 1942 साली उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख शांतिस्वरूप भटनागर 1955 च्या 1 जानेवारीला गेले. त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि 1958 मध्ये पहिला मान भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांना मिळाला. पुढे त्यात वय पंचेचाळिशीच्या आत असण्याची अट आली. रक्कम वाढत 5 लाखांवर गेली, शिवाय वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत दरमहा 15 हजार मानधन. विज्ञानाच्या वर्तुळात 'भटनागर मिळालाय' एवढं म्हटलं की माणसाचा दर्जा कळायचा. नारळीकरही भटनागरचे मानकरी.

मग 2022 चा सप्टेंबर आला. केंद्राने वैज्ञानिक खात्यांच्या ढीगभर पुरस्कारांची छाटणी सुरू केली. दरवर्षी 26 सप्टेंबरला, सीएसआयआरच्या स्थापनादिनी, होणारी भटनागरची घोषणाही त्या वर्षी झाली नाही. यादी यायला पुढचा सप्टेंबर उजाडला. छाटणीचं मी समजू शकतो, पण यादी वर्षभर अडकवून ठेवायचं काही कारण नव्हतं.

त्यातून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले. विज्ञानरत्न आयुष्यभराच्या कामगिरीसाठी, विज्ञानश्री उल्लेखनीय योगदानासाठी, विज्ञान युवा पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी, विज्ञान टीम गटासाठी. भटनागरांचं नाव आता 'युवा'ला जोडलंय. पहिला सोहळा 22 ऑगस्ट 2024 ला राष्ट्रपती भवनात झाला. जैवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन पहिले विज्ञानरत्न ठरले आणि चांद्रयान-3 च्या चमूला टीमचा मान मिळाला.

रोख रक्कम मात्र गेली. पदक आणि मानपत्र तेवढं राहिलं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात इनामाशिवाय कुस्ती लावून बघा म्हणावं! रत्नाला कदाचित पैशाची गरज नसेल. पण शिवाजी विद्यापीठात चाळिशीतल्या एखाद्या संशोधकाला 'युवा' मिळाला, तर त्याच्या हाती ते दरमहा 15 हजार आता पडणार नाहीत.