प्रॉन की श्रिंप? एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

कोळंबीला इंग्रजीत प्रॉन म्हणायचं की श्रिंप? ब्रिटनमध्ये हा मामला आकाराचा. मोरकॅम्ब खाडीतली बारकी तपकिरी कोळंबी, जी मसाल्याच्या लोण्यात घालून छोट्या भांड्यात थिजवतात, ती श्रिंप; मोठी ती प्रॉन. अमेरिकेत सगळीच श्रिंप, अगदी जम्बोसुद्धा. ऑस्ट्रेलियात सगळी प्रॉन. 1984च्या पर्यटन-जाहिरातीत तिथला नट बार्बेक्यूवर 'श्रिंप' टाकायची भाषा करतो, ती केवळ अमेरिकन गिऱ्हाइकाला कळावी म्हणून. आपल्याकडे इंग्रजी साहेबाकडून आली, तेव्हा प्रॉनच रुळला.

फ्रोझन मालाचा व्यापार देशोदेशी वाढला तशी एकच संज्ञा ठरवायची निकड भासली. 1955 साली टोकियोतल्या बैठकीत ठरलं की व्यापारातल्या तीन मोठ्या कुळांना प्रॉन म्हणायचं, बाकी बारक्यांना श्रिंप. बारा वर्षांनी मेक्सिको सिटीतल्या परिषदेने हे मोडून पाण्यावर वाटणी केली: गोड्या पाण्यातली प्रॉन, समुद्रातली आणि निमखाऱ्यातली श्रिंप. तक्ते भरणाऱ्यांची सोय झाली खरी, पण प्राणिशास्त्राशी ते उलटं पडलं. इंग्रजी पाठ्यपुस्तकं ज्यांना 'खऱ्या श्रिंप' म्हणतात त्यांची मादी अंडी पोटाखाली वागवते, आणि शेपटाकडच्या भागातल्या दुसऱ्या पेराचं कवच पहिल्या व तिसऱ्या दोन्हींवर चढलेलं असतं. 'खऱ्या प्रॉन' अंडी थेट पाण्यात सोडतात आणि त्यांची पेरं कौलांसारखी एकामागून एक बसतात. सोलण्याआधी नुसतं निरखलं तरी फरक दिसतो. या हिशेबाने समुद्रातली टायगर ही मोठी पट्टेदार कोळंबी ठरते प्रॉन आणि गोड्या पाण्यातली लांब निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी ठरते श्रिंप. म्हणजे परिषदेच्या बरोब्बर उलट! तरीही मत्स्यसंवर्धनाच्या कागदोपत्री परिषदेचीच वाटणी टिकली.

अमेरिकेने या वादात पडायचंच टाळलं. 2005मध्ये भारतासह सहा देशांच्या गोठवलेल्या कोळंबीवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे परदेशी माल फार स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणून जादा कर, लावलं तेव्हा मथळ्यात फक्त श्रिंप होतं. आतल्या व्याख्येत मात्र 'श्रिंप आणि प्रॉन' असं दोन्ही लिहून जाती शास्त्रीय नावांनिशी मोजल्या. नाव बदलून शुल्क चुकवायला फट ठेवली नाही.

2009पासून आपल्या तळ्यांत टायगरऐवजी व्हॅनामे ही कोळंबीची दुसरी जात आली. ती मूळची मेक्सिको ते पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आणि बड्या गिऱ्हाइकांत अमेरिका; मग निर्यातीच्या खोक्यांवर श्रिंप छापलं जाणारच. मुंबईच्या हॉटेलांत मात्र तीच 'प्रॉन्स कोळीवाडा' म्हणून ताटात येते.