बटाटा गारच का येतो, आणि आल्यावर तो भट्टीपाशी का ठेवायचा नाही

(आमच्याकडून उकडलेला, सोललेला बटाटा घेणाऱ्या केटरर, कॅन्टीन आणि वडापाववाल्या मंडळींसाठी)

सकाळी गाडी खाली झाली की फोन येतो, "अहो, बटाटा एकदम गार आलाय. गरम पाठवायला काय होतं?" संध्याकाळी त्यातलाच एखादा फोन पुन्हा येतो, "पाकिटाला वास येतोय, बटाटा बुळबुळीत झालाय." दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच गोष्टीतून निघतात, म्हणून हे लिहून काढलं.

बटाटा आम्ही मुद्दाम गार करतो. तुर्भ्याच्या मार्केटातून आलेला माल आधी आकाराप्रमाणे वेगळा होतो, कारण लहान-मोठा एकत्र वाफवला तर लहान फुटतो आणि मोठा मध्ये कच्चा राहतो. वाफवताना साल तशीच ठेवतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग जाळीच्या ट्रेवर पसरून वाफ जाऊ देतो, सोलतो आणि लगेच 5 अंशांच्या खाली आणतो. गरम बटाटा पाकिटात किंवा झाकलेल्या टोपात भरला तर त्याचीच वाफ पाणी होऊन त्याच्यावर पडते. तुर्भ्याहून ठाण्याला पोचेपर्यंत वरचा थर पचपचीत झालेला असतो. असं सारण वड्यात भरलं की तेलात पीठ सुटलंच म्हणून समजा.

गार करण्याचा दुसरा फायदा आचाऱ्यांना फारसा माहीत नसतो. शिजलेला बटाटा पूर्ण गार झाला की त्यातला सुटा स्टार्च घट्ट बसतो. नंतर तो वाफवून कुस्करला तर सारण कमी चिकट होतं. बटाट्याचे फ्लेक्स बनवणारे कारखानेही आधी अर्धवट शिजवून, मध्ये गार करून मगच पुन्हा वाफवतात. म्हणजे आम्ही काही आळस म्हणून गार पाठवत नाही.

आता मुख्य चूक. गाडी आली की सगळी पाकिटं एकदम बाहेर काढून भट्टीशेजारी ठेवतात, "जरा नॉर्मलला येऊ दे" म्हणून. वडे लागणार संध्याकाळी चारला, पाकिटं बाहेर सकाळी नऊपासून. पाच किलोचं पाकीट मधून गरम व्हायला खूप वेळ लागतो. त्यामुळे महाराज मध्ये बोट घालून म्हणतात, "अजून गारच आहे की." पण कडेचा बटाटा तोवर कोमट होऊन तास झाले असतात, आणि मे महिन्यात भट्टीजवळ कोमट म्हणजे किती ते तुम्हीच जाणता.

5 ते 60 अंश हा शिजलेल्या अन्नाला सगळ्यात वाईट पट्टा. बटाटा ओला असतो, आंबट नसतो, त्यात मीठही नसतं. उकडल्यावर जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू टिकून राहतात आणि ऊब मिळाली की वाढायला लागतात. "नंतर तळायचाच आहे, सगळं मरेल" असं उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. जंतू मरतील, पण त्यांतल्या काहींनी आधीच सोडलेलं विष उकळत्या तेलालाही दाद देत नाही. लग्नाच्या पंगतीत किंवा महापे-रबाळेच्या कॅन्टीनमध्ये एकाच टोपातलं शेकडो जण खातात, तिथे हा धोका घेऊ नये. पाकिटावरची तारीखही 5 अंशांखाली ठेवलेल्या मालाची आहे. दिवसभर बाहेर राहिलेल्या पाकिटाला ती लागू नाही, आणि असा माल आम्ही बदलूनही देत नाही. माल उतरवताना आमच्या माणसाकडे थर्मामीटर असतो, समोर मोजून घ्या.

मग करायचं काय? पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाला लागेल तेवढंच पाकीट फ्रिजमधून काढा, फोडा, जाळीवर पसरून थेट वाफेवर ठेवा आणि आतपर्यंत चांगलं गरम, 75 अंशांना येऊ द्या. नॉर्मलला आणायची पायरीच नको. उघडलेलं पाकीट त्याच दिवशी संपवा.

गरम असतानाच कुस्करा. गार बटाटा कुस्करला तर गुठळ्या राहतात, मग त्या मोडायला कोणीतरी मिक्सर काढतो आणि तिथे सगळं संपतं. पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर पडतो आणि सारणाची खळ होते. ती परत मोकळी होत नाही, ब्रेडचा चुरा घातला तरी. हाताने किंवा मॅशरने कुस्करा, परातीत पसरून फोडणी घाला आणि वाफ जाईपर्यंत झाकू नका. परात स्टीलची घ्या, लोखंडी नको.

लोखंडावरून आठवलं. उकडलेला बटाटा करडा पडला म्हणजे शिळा, असं नाही. बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांची शिजल्यावर हवेशी गाठ पडली की हा रंग येतो. चवीला काही होत नाही. तो कमी राहावा म्हणून धुण्याच्या पाण्यात आम्ही थोडं सायट्रिक ॲसिड वापरतो, लेबलवर लिहिलेलं आहे. जास्त घालत नाही, कारण आंबटपणाने बटाटा घट्ट राहतो. टोमॅटो-चिंचेच्या रश्शात कच्च्या फोडी शिजत नाहीत त्याचं कारणही हेच. तिथे आमच्या उकडलेल्या फोडी सरळ टाका, आकार धरून राहतात.

पावसाळ्यानंतर बटाटा थोडा गोड लागला तर तो कोल्ड स्टोरेजचा माल आहे. थंडीत स्टार्चची साखर होते. असा माल आम्ही उकडण्याआधी काही दिवस बाहेर ठेवतो, पण नव्या बटाट्यासारखा तो होत नाही.

"मार्केटात भाव इतका असताना तुमचा एवढा कसा?" मार्केटचा भाव गोणीचा असतो. गोणीतला हिरवा, किडका, फुटका माल, साल, गॅस, सोलणाऱ्या मावश्यांची मजुरी आणि फ्रिजची वीज हे सगळं आमच्याकडे राहतं, तुमच्याकडे येतो तो टोपात जाणारा बटाटा. एकदा स्वतः उकडून, सोलून वजन करा आणि मग आमचा भाव लावून बघा.

ऑर्डर देताना नुसते किलो सांगू नका, बटाटा कशाला लागणार तेही सांगा. वड्यासाठी कोरडा, पिठूळ माल देतो, रश्श्यासाठी घट्ट फोडी, सुक्या भाजीसाठी मधला. आषाढी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रात उपासाच्या भाजीमुळे मागणी वाढते, तेव्हा ऑर्डर दोन दिवस आधी द्या. एरवी आदल्या दुपारपर्यंत चालेल. घोडबंदर रोडच्या मंडळींनी पहाटेची खेप घ्यावी, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी वेळेत येईल याची खात्री आम्ही देत नाही. फ्रिजमध्ये जागा कमी असेल तर सांगा, माल दोन खेपांत पाठवतो.