सिस्टिक फायब्रोसिससाठी केंद्राची मदत: कोकणातून अर्ज कसा, कागद कोणते

पोराचा खोकला हटत नाही, कोणी बाळदमा म्हणतं कोणी टीबीची टेस्ट सांगतं, आणि घरातली आजी मात्र कधीपासून सांगत असते की पापी घेतली की पोर खारट लागतं. आपल्याकडे ते दमट हवेच्या घामावर ढकलून देतात. पण घामाच्या टेस्टमध्ये क्लोराइड ६० किंवा त्याच्या वर आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साठणाऱ्या आणि पोटालाही त्रास देणाऱ्या जन्मजात आजाराची, दाट शक्यता.

हा आजार राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आहे, आणि २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे. पैसे आपल्या खात्यात येत नाहीत, उपचार करणाऱ्या सेंटरला जातात. सेतूत किंवा तहसीलला फॉर्म शोधत बसू नका, हे काम ठरवून दिलेल्या सेंटरमधूनच होतं, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम हॉस्पिटल. तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी दादर, पुढे परळ हाकेवर. पेशंट तपासून तिथली कमिटी ठरवते.

आता मेन गोष्ट, जीन रिपोर्ट. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद नको, आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला असे सीएफटीआर जीनमधले दोन्ही बदल नावानिशी हवेत. कफ पातळ करणारं डीएनेज धोरणाच्या गट ३अ मध्ये, पोटेन्शिएटर, म्हणजे बिघडलेल्या सीएफटीआर प्रोटीनचं काम सुधारणारं औषध, ३ब मध्ये, आणि पोटेन्शिएटर ठराविक बदलांवरच चालतं, जीनच्या दोन्ही कॉपींत एफ५०८डेल हा सगळ्यात जास्त आढळणारा बदल असेल तर ते एकटं देऊन उपयोग नाही.

बरं, सख्ख्या भावंडांत बदल सेम असूनही एकाचं लिव्हर बिघडतं, दुसऱ्याचं नाही, असं होतं कारण बाकीचे जीनही मधे येतात. सर्पिना१ जीनचा झेड प्रकार असलेल्यांत लिव्हरच्या गंभीर त्रासाची शक्यता जवळपास ५ पट दिसली आहे. म्हणून छातीच्या रिपोर्टांबरोबर लिव्हरची तपासणी, सोनोग्राफी, शुगर हेही फाईलला लावा, लोक नेमकं हेच घरी ठेवून येतात.

बाकी सोबत ठेवायचं ते नेहमीचंच, पोराचं आणि आईबापाचं आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, घामाच्या टेस्टचा ओरिजिनल रिपोर्ट, बेडक्याचं कल्चर, जुनी डिस्चार्ज कार्डं. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते निघायच्या आधी बघा, आणि झेरॉक्सचे दोन सेट काढा, पावसाळ्यात प्लास्टिकच्या फाईलमध्ये.