बेकर-कन्फेक्शनरचा आयटीआय प्रवेश: केक नाही, कागद बिघडतात

"केकचा क्लास केलाय, सर्टिफिकेट पण आहे, मग आयटीआय कशाला?" असं विचारणाऱ्या दर उन्हाळ्यात भेटतात. दोन दिवसांच्या क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, पण सरकारी भरतीत किंवा शिकाऊ उमेदवारीत ते कोणी विचारात घेत नाही. तिथे कामी येतं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि ते मिळतं आयटीआयच्या 'बेकर अँड कन्फेक्शनर' या एक वर्षाच्या ट्रेडमधून, म्हणजे अभ्यासक्रमातून. शिवाय क्लासात चॉकलेट म्हणून हाती येतं ते बहुतेक वेळा कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून वितळवून साच्यात ओतलं की झालं. खरं चॉकलेट तसं वागत नाही. डार्क चॉकलेट साधारण ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत उतरवून, परत ३१-३२ वर आणावं लागतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी वर पांढरट पापुद्रा धरतो. असला हात एका शनिवार-रविवारात बसत नाही.

पात्रता सोपी आहे. दहावी पास, वय किमान १४ पूर्ण. कमाल वयाची अट नाही, म्हणजे पस्तिशीच्या बाईलाही अर्ज करता येतो. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयत नसतो, तेव्हा आपल्या जवळ कुठे आहे ते आधी बघा. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, निवड दहावीच्या गुणांवर.

आता जिथे लोक अडकतात ते.

अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजू नका. फी भरून, मूळ कागद घेऊन आयटीआयत जाऊन अर्ज 'निश्चित' करून घ्यावा लागतो. त्यानंतर विकल्प भरायचे, म्हणजे कोणती संस्था, कोणता ट्रेड, कोणत्या क्रमाने. गेल्या वेळी एक मुलगी गुणवत्ता यादीत आपलं नाव बघून खूश होऊन घरी बसली. विकल्प भरलेच नव्हते, मग जागा कुठून मिळणार? आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. कॅफेवाला घाईत त्याचा नंबर टाकतो, आणि ओटीपी नि मेसेज सगळे त्याच्याकडे जातात.

पहिल्या क्रमांकाचा विकल्प जपून लिहा. तो मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांतून बाद. 'लिहून तर ठेवू, बघू पुढे' म्हणून ८० किलोमीटरवरची संस्था पहिली टाकणाऱ्यांनी एसटीचं वेळापत्रक आधी बघावं.

सगळ्यात जास्त गोंधळ नॉन-क्रिमिलेअरचा, म्हणजे आपण मागास प्रवर्गातल्या उन्नत (क्रिमिलेअर) गटात मोडत नाही याच्या दाखल्याचा. ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास या प्रवर्गांतून अर्ज असेल तर ते लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढलेला एका वर्षाचा दाखला जूनमध्ये "पाच महिन्यांपूर्वीचाच तर आहे हो" म्हणून पुढे करतात, आणि तो मेलेला असतो. काढल्याची तारीख बघू नका, खाली छापलेली मुदत वाचा. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे माहीत नसल्याने कित्येक जण अर्जच करत नाहीत.

लग्न झालेल्या बायकांनी इथे जरा थांबून वाचा. तुमचं क्रिमिलेअर ठरतं आई-वडिलांच्या स्थितीवरून, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. जातीचा दाखलाही माहेरच्या नावाचा. तेव्हा नवऱ्याचा उत्पन्न दाखला घेऊन सेतूत रांग लावण्याआधी भावाला फोन करा, वडिलांचे कागद काढायला सांगा. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, अक्षरन्‌ अक्षर. आधार सासरच्या नावाचं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागद हवा: विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदल छापलेलं सरकारी राजपत्र (गॅझेट). लग्नपत्रिका चालत नाही. माझ्यासमोर एका ताईंनी पत्रिका, लग्नाचा फोटो आणि रेशनकार्ड अशी तिन्ही टेबलावर मांडली होती. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "राजपत्र आणा" म्हटलं. कुठे मिळतं, कसं काढायचं, हे सांगायला त्याला आणखी दोन वाक्यं लागली असती.

शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो, आणि वीस वर्षांनी तोच सापडत नाही. शाळेत दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, पण मेच्या सुट्टीच्या आधी. जूनमध्ये क्लार्क नवीन प्रवेशांत बुडालेला असतो.

अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलं आहे. तरीही "५०० चा बॉन्ड लागेल" असं सांगणारे भेटतात. शांतपणे विचारा, कोणत्या नियमाने? बहुतेक वेळा साध्या कागदावर काम होतं.

फेऱ्यांत नाव लागलं नाही तरी पोर्टल बघणं सोडू नका. शेवटी रिकाम्या जागांसाठी संस्थेतच समुपदेशन फेरी होते. त्या दिवशी मूळ कागदांसह स्वतः हजर असावं लागतं. "गावाला होते, उद्या येते" चालत नाही.

प्रवेश मिळाल्यावर एकच. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि दिवाळीत ज्यांच्याकडे केक-चॉकलेटच्या ऑर्डरी येतात त्यांची हजेरी नेमकी तेव्हाच घसरते. दांड्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासूनच वहीत लिहीत जा.