9900 एमएएचचा सेल आणि त्यावर न छापलेला आकडा

जालना असो की उदगीर, आठवडी बाजारात चार्जिंगच्या बॅटऱ्या, म्हणजे टॉर्च, विकणाऱ्याच्या ताडपत्रीवर सुटे सेलही मांडलेले असतात. लाल, निळ्या, जांभळ्या वेष्टनातले. एकावर 5800 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या साठ्याचं माप) छापलेलं, दुसऱ्यावर 6800, तिसऱ्यावर थेट 9900. भावात दहा-वीस रुपयांचा फरक. गिऱ्हाईक अर्थातच 9900 वाला उचलतं. ज्याच्या कृषिपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीच्या पाळीला आहे आणि ज्याला दोन वाजता दारं धरायला जायचंय, त्यानं मोठा आकडा बघितला तर त्याचं काय चुकलं?

चूक छापणाऱ्याची. हे तिन्ही आकडे खोटे आहेत.

या सेलचं नाव 18650. आकार नळकांड्याचा, व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65.0 मिलिमीटर. सोनीनं 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. त्यानंतरच्या सुरुवातीच्या 18650 सेलमध्ये हजार-बाराशे एमएएच वीज मावायची. तेवढ्याच नळकांड्यात नामवंत कंपन्यांचे चांगले सेल आज 3500 च्या आसपास पोचले आहेत. नवा विक्रमी सेल त्याच्या थोडा पुढे जाईलही, पण 9900 नाही. साधं गणित करा. 3500 एमएएच गुणिले 3.6 व्होल्ट म्हणजे 12.6 वॉट-तास, आणि अशा सेलचं वजन 48 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोला साधारण 260 वॉट-तास. तेवढ्याच वजनात 9900 एमएएच कोंबायचे तर किलोला साडेसातशेच्या घरात जावं लागेल. असा सेल कुणी खरोखर बनवला, तर तो जगभरच्या मोटार कंपन्या पळवतील, बाजारातल्या ताडपत्रीपर्यंत पोचणारच नाही.

म्हणून पहिली परीक्षा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर. अस्सल सेल 44 ते 50 ग्रॅम भरतो. काटा तीस-पस्तीसवर थांबला तर आत माल कमी आहे हे उघड. वजन बरोबर भरलं म्हणून सेल चांगला, असं मात्र नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या, थकलेल्या सेलवर नवं वेष्टन चढवलं तरी वजन तेवढंच राहतं.

आता खरा मुद्दा. समजा दोन सेल अस्सल आहेत, एक 3500 चा आणि एक 2500 चा. यातला चांगला कोणता? बहुतेक लोक पहिल्यावर बोट ठेवतील. हा प्रश्न जगात ज्यांना फार महागात पडला ते लोक म्हणजे व्हेप, अर्थात ई-सिगारेट, ओढणारे. आपल्याकडे ई-सिगारेटवर 2019 च्या कायद्यानं बंदी आहे. बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, काहीच चालत नाही. ती बरी आहे असंच माझं मत आहे आणि निकोटीनची वकिली करायची मला हौस नाही. पण सेलची तुलना कशी करावी हे शिकायला त्या उपकरणाइतकं उघडंवाघडं उदाहरण दुसरं नाही.

व्हेपमध्ये तारेचं बारीक वेटोळं असतं. सेलमधून वीज सोडली की ते तापतं आणि द्रवाची वाफ होते. काही साध्या उपकरणांत मध्ये कसलंच सर्किट नसतं, सेल थेट तारेला. तारेचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, पाव ओहम असेल आणि सेल पूर्ण भरलेला, म्हणजे 4.2 व्होल्टचा असेल, तर ओहमच्या नियमानं प्रवाह 16.8 अँपिअर. एका बोटभर सेलमधून 70 वॉट! घरातला छताचा पंखा साधारण एवढीच वीज खातो.

इतका प्रवाह प्रत्येक सेलला झेपत नाही. टँकर कितीही मोठा असो, पाणी किती वेगानं उतरेल ते त्याच्या तोटीवर ठरतं. सेलची ही तोटी म्हणजे त्याचा अंतर्गत रोध, आणि तो वेष्टनावर कधीच छापत नाहीत. हिशेबासाठी एका सेलचा रोध 20 मिलिओहम धरू, दुसऱ्याचा 50. दोघांतून 10 अँपिअर ओढले तर पहिल्याचा दाब (व्होल्टेज) सेलच्या आतच 0.2 व्होल्टनं पडतो, दुसऱ्याचा अर्ध्या व्होल्टनं. पहिल्यात 2 वॉट उष्णता तयार होते, दुसऱ्यात 5 वॉट. उष्णता बाहेर पडायला वाव नसेल, तर 5 वॉटनं 48 ग्रॅमचा सेल मिनिटाला सहा अंशांच्या पुढे तापतो. परभणीत मे महिन्यात हवाच 42 अंशांची असते. तिथून सेलची 60 अंशांची नेहमीची कमाल मर्यादा गाठायला तीन मिनिटं पुरतात.

दाब पडण्याचा परिणाम टॉर्चमध्येही दिसतो. उपकरण ठरावीक व्होल्टला, बहुधा तीनच्या आसपास, बंद पडतं. जास्त रोधाचा सेल जोराच्या कामाला लावला की दाब लवकर खाली जातो आणि आत वीज शिल्लक असतानाच उपकरण मिटतं. थोडा वेळ ठेवून पुन्हा लावलं की चालतं. ‘सेल विसावला’ असं आपण म्हणतो. ओढ थांबल्यामुळे दाब परत वर आलेला असतो, एवढंच.

दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये का मिळत नाहीत, याचं उत्तर आतल्या गुंडाळीत आहे. धातूच्या पातळ पत्र्यांवर रसायनाचा लेप देऊन ते पत्रे गुंडाळलेले असतात. लेप जाड दिला की साठा वाढतो, पण लिथियमच्या आयनांना लांबून यावं लागतं आणि रोध वाढतो. लेप पातळ, पत्रा जास्त, की प्रवाह मोकळा, पण साठा कमी. म्हणूनच सॅमसंगचा 25आर हा 2500 एमएएचचा सेल सतत 20 अँपिअर देऊ शकतो, तर एलजीचा एमजे1 हा 3500 चा असूनही त्याची मर्यादा 10 अँपिअर. पॅनासॉनिकचा 3400 चा एनसीआर18650बी तर पाच अँपिअरच्या आसपासच सांभाळायचा. व्हेपसाठी तो सरळ नापास.

शेतातल्या टॉर्चला मात्र तोच पास. 10 वॉटचा दिवा पावणेतीन अँपिअर ओढतो. तेवढ्या ओढीला 50 मिलिओहमच्या सेलमध्येही अर्ध्या वॉटपेक्षा कमी उष्णता होते. इथं साठा महत्त्वाचा, जास्त वेळ पुरायला हवा. ड्रिल मशीनसारख्या झटक्यानं वीज ओढणाऱ्या अवजाराला उलट 25आरच्या जातीचा सेल लागतो. तेव्हा दुकानदाराला एमएएच विचारण्याआधी ‘सतत किती अँपिअर देतो?’ एवढं विचारून बघा. उत्तर आलं नाही तरी माणसाची पारख होते.

एक गोष्ट हातात घेऊन बघण्यासारखी आहे. सेलच्या वरच्या टोकाला मधोमध उंचवटा असतो, तो धन. त्याच्याभोवती पांढरी कागदी किंवा प्लास्टिकची चकती. आणि चकतीखालचा काठ? तो ऋण असतो, कारण सेलचं अख्खं डबडंच ऋण असतं. दोघांत अंतर एक-दोन मिलिमीटरचं, मध्ये तेवढी चकती आणि पातळ वेष्टन. वेष्टन काठाशी फाटलेलं असेल आणि असा सुटा सेल गाडीच्या किल्लीसोबत खिशात टाकला, तर किल्लीच दोन्ही टोकं जोडते. परदेशात व्हेपवाल्यांच्या मांड्या भाजल्या, त्यातल्या काही अपघातांमागे हेच कारण होतं. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावा.

राहिला उन्हाळा. फवारणीचा हंगाम संपला की लिथियम बॅटरीवरचा फवारणी पंप पत्र्याच्या शेडमध्ये जातो, आणि काळजीवाहू माणूस तो शंभर टक्के चार्ज करूनच ठेवतो. लिथियम-आयनला नेमकं हेच सोसत नाही. सर्वसाधारण अंदाज असा दिला जातो, की 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता 65 टक्क्यांवर येते. तोच 40 टक्के भरून ठेवला तर 85 टक्के उरते. चार्जिंगही 45 अंशांच्या वर करू नये, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ते पहाटेचं काम. पंप निम्मा भरून घरातल्या थंड कोपऱ्यात, धाब्याचं घर असेल तर फारच उत्तम. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या पंपाला मात्र हे लावू नका. ती अर्धवट भरलेली राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. तिला पूर्ण भरूनच ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्जिंगला लावायचं.